मुलगा असेल तर, नाहीतर

१

अबू गालिबना आपल्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर ‘प्रिय ग्राहक’ नको होतं.

“प्रिय ग्राहक म्हणजे कोण?” ते फोनवर म्हणाले. “माझा ड्रायव्हर कुणाच्या दारात उभा राहून ‘अहो प्रिय ग्राहक’ अशी हाक मारेल का? लोक त्याला वसुलीवाला समजून दिवे घालवतील. अम्मानमध्ये माणसाला काय म्हणतात, पोरी?”

“अबू अमका, उम्म अमका,” विजदान म्हणाली. अमक्याचा बाप, अमक्याची आई.

“मग तेच लिही की!”

अबू गालिब टँकरने घरोघरी पाणी पुरवत. सरकारी पाणी आठवड्यातून एकदा येतं, गच्चीवरच्या टाक्या भरतात, आणि ज्याची टाकी आधी आटते तो अबू गालिबना फोन करतो. हल्ली लोक फोनऐवजी पानावर मागणी टाकत. ते पान विजदान सांभाळायची. डॉक्टरांनी तिला सहाव्या महिन्यात घरी पडून राहायला सांगितलं होतं. पडल्या पडल्या करता येईल असं तिच्या ओळखीचं हे एकच काम, म्हणून तिने ते सोडलं नव्हतं.

काम अगदी किरकोळ होतं. पानाचा साचा सर्व्हरवर असतो. ग्राहकाने पान उघडलं की सर्व्हर त्याची नोंद काढतो, साच्यातल्या अटी वरून खाली एकेक तपासतो, पहिली जी खरी ठरेल तिच्याखालची ओळ उचलतो आणि तेवढीच ग्राहकाला पाठवतो. बाकीच्या ओळी तिथेच राहतात. त्या होत्या हेसुद्धा ग्राहकाला कळत नाही.

विजदानने तीन ओळी लिहिल्या, प्रत्येकीत आधी ‘अहलन’, म्हणजे ‘या, स्वागत’, आणि पुढे नाव. मुलगा असेल तर थोरल्या मुलाचं नाव. नाहीतर, मुलगी असेल तर थोरल्या मुलीचं. तेही नाही तर माणसाचं स्वतःचं.

“मुलगी वर नको हं जायला,” अबू गालिबनी बजावलं. “मी अकरा वर्षं अबू नवाल होतो. गालिब पहाटे जन्मला आणि दुपारपर्यंत भाजीवालासुद्धा मला अबू गालिब म्हणायला लागला. त्याला कुणी शिकवलं होतं का? तुझ्या यंत्राला तेवढी अक्कल असू दे.”

नवाल त्यांची थोरली मुलगी. कंपनीचा फोन तीच घ्यायची, आणि ग्राहकांच्या मुलाबाळांची नावं विचारून नोंदीत तिनेच भरली होती.

२

साचा लिहिला की तो तपासावा लागतो. विजदानने पहिल्या ओळीसाठी अबू गालिबचीच नोंद उघडली. ‘अहलन, अबू गालिब.’ छान. तिसरीसाठी कोपऱ्यावरच्या अविवाहित न्हाव्याची उघडली. तीही बरोबर आली. दुसरीसाठी मुली असलेला ग्राहक शोधायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिने स्वतःचीच नोंद उघडली आणि मुलीच्या रकान्यात एक नाव टाकलं. बोटांनी ते आपोआप टाकलं असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. ते खरंही असेल.

तिने टाकलं होतं लुजैन.

लुजैन तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात जन्मली आणि रडली नाही. विजदानला गुंगीत ठेवलं होतं. तिचा नवरा इसाम मुलीला दुपट्यात गुंडाळून दफनभूमीत घेऊन गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आला. नाव दोघांनी आधीच ठरवलेलं होतं. त्या दिवसानंतर घरात ते कुणी उच्चारलं नाही. इसाम लग्नाच्याही आधीपासून सगळ्या गल्लीचा अबू दाऊद होता, कारण त्याच्या वडिलांचं नाव दाऊद, आणि थोरल्या मुलाला आजोबांचं नाव मिळणार हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. मुलगा नव्हता तरी बाप त्याच्या नावाने ओ देत होता. आता सोनोग्राफीत मुलगा आहे असं दिसलं होतं, आणि सासूबाई विजदानला आत्तापासूनच उम्म दाऊद म्हणायला लागल्या होत्या.

पान उघडलं. ‘अहलन, उम्म लुजैन.’ विजदानने ते थोडा वेळ पाहिलं, नाव पुसलं, नोंद जतन केली आणि चहा टाकायला उठली.

दोन दिवसांनी टाकी आटली. तिने मागणी टाकायला पान उघडलं.

‘अहलन, उम्म लुजैन.’

जुनी प्रत कुठेतरी साठून राहिली असणार, हा तिचा पहिला विचार. या धंद्यात दहातल्या नऊ भुतांचा उतारा हाच असतो. तिने साठवण पुसली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पान तेच म्हणालं. तिने नोंद उघडली. मुलाचा रकाना रिकामा. मुलीचा रकाना रिकामा. मग तर तिसरी ओळ यायला हवी होती, ‘अहलन, विजदान’.

तिने तीन ओळी मोठ्याने वाचल्या. त्यांत चुकायला जागाच नव्हती. दुसरी अट खरी ठरत होती, आणि ती खरी का ठरते हे सांगणारं तिच्याकडे काही नव्हतं.

तिने मागणी टाकली. कारण काही असो, पाणी तर हवंच होतं.

३

टँकर दुपारी आला. इसाम शाळेत होता, तो भूगोल शिकवतो. एरवी गच्चीवर जाऊन पाइप टाकीत सोडायचं काम त्याचं. विजदानने बाल्कनीतून टोपली खाली सोडली. तिच्यात गच्चीची चावी आणि पाण्याचे पैसे होते.

“फव्वाज, वर तुम्हालाच जावं लागेल. मला जिने मना आहेत.”

“बसा, बसा, उम्म लुजैन!” ड्रायव्हर खालून ओरडला. तो या भागात नवा होता. मागणीबरोबर नाव त्याच्या फोनवर जायचं आणि तो वाचून हाक मारायचा. त्याने पाइपला बांधलेला दोर वर गच्चीकडे फेकला. इंजिन घरघरायला लागलं. विजदान आत येऊन आडवी झाली आणि डोक्यावरचे आवाज ऐकत राहिली. टाकीचं पत्र्याचं झाकण उघडून आपटलं. पाइप सिमेंटवरून सरपटत गेला. मग पाणी पडायला लागलं, आधी पोकळ आवाजात, मग भरीव.

इंजिन थांबलं तशी ती पुन्हा बाल्कनीत गेली. फव्वाज खाली टँकरला टेकून सिगारेट ओढत होता. चावी टोपलीत तशीच होती.

“तुम्ही वर गेला नाहीत?”

“कशाला? गुडघा दुखतो माझा. तुमच्या पोरीने दोर ओढून घेतला की. हुशार आहे हो, अल्लाह राखो. एक थेंब सांडू दिला नाही.”

“कुठली पोरगी?”

“तुमची!” फव्वाज हसला. “लुजैन ना? मी हाक मारली तर कठड्यावरून वाकली. बोलत नाही फारशी. लाजाळू आहे वाटतं.”

“केवढी होती?”

“आता आईनेच मला विचारायचं का?” त्याने हात कमरेच्या खाली धरला, मग आणखी थोडा खाली. हसू जरा ओसरलं. “असेल तीनेक वर्षांची. नाही, नाही. तीन वर्षांच्या पोराला तो पाइप कसा उचलेल? ऊन डोळ्यांवर होतं, ताई. मोठी असेल.”

त्याने सिगारेट टाकली, चाकाखाली पाहिलं आणि पावती टोपलीत ठेवून निघून गेला. सुट्टे परत द्यायचे विसरला. ते द्यायला तो नंतरही आला नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, उनाड. तीच असणार असं विजदानने ठरवलं. गच्चीचं कुलूप कुणीतरी उघडं ठेवलं असणार. खाली जाऊन विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. तिने विचारलं नाही. जिने मना आहेत हे कारण तिला पुरलं.

४

दुसऱ्या दिवशी तिने असं एक काम केलं, की सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी कपाळ बडवून घेतलं असतं. तोंडी म्हणणं वेगळं, तिने जन्माला न आलेल्या मुलाचं नाव लेखी नोंदीत घातलं. मुलाचा रकाना: दाऊद.

यात भाबडेपणा काही नव्हता, नुसता हिशेब होता. पहिली अट खरी ठरली की सर्व्हर दुसरीकडे पाहतच नाही. दुसरी खरी का ठरते हा प्रश्नच उरत नाही. तिने पान उघडलं.

‘अहलन, उम्म दाऊद.’

तिने श्वास सोडला. झालं. मग नेहमीप्रमाणे दोन खजूर खाल्ले, कारण खजूर खाल्ले की पोटातला मुलगा लाथा मारायचा, आणि तिला त्याची गंमत वाटायची. लाथ आली नाही. तिने आणखी दोन खाल्ले. कुशीवर वळून पाहिलं, थंड पाणी प्यायली. दुपार कलली तरी आतमध्ये सगळं गप्प होतं.

इस्पितळात यंत्र लावल्यावर ठोके सापडले. मंद होते, पण होते. “झोपलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बापावर गेला असेल.” इसाम हसला. विजदान हसली नाही. बाळं झोपतात, ही गोष्ट खरीच आहे. पण हे बाळ पान बदलल्या क्षणापासून झोपलं होतं.

घरी आल्यावर तिने कंपनीला फोन लावला. नवालने उचलला.

“नवाल, एक विचारू? वेड्यासारखं आहे.”

“विचार. इथे दिवसभर शहाणी माणसं पाण्यासाठी भांडतात, मला बदल हवाच आहे.”

“गालिब झाला तेव्हा तुला काय वाटलं होतं?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी मी गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत जाऊन बसले होते,” नवाल म्हणाली. “वरून झाकण लावून घेतलं. बाबांना शोधायला कुणीतरी येणार, ‘अबू नवाल कुठायत’ म्हणून ओरडणार, मग मी बाहेर येणार, असं ठरवलं होतं. सगळे अबू गालिब, अबू गालिब करत आले आणि मिठाई खाऊन गेले. मी संध्याकाळी आपली आपण बाहेर आले.”

“आणि गालिबचा राग आला?”

“राग?” नवाल हसली, पण हसणं लवकर संपलं. “पाळण्यातली उशी मी दोनदा हातात घेतली होती, विजदान. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अकरा वर्षांची होते, पुष्कळ कळत होतं, म्हणून खाली ठेवली. का गं, का विचारतेस?”

“सहज,” विजदान म्हणाली.

५

त्या संध्याकाळी तिने अटींचा क्रम बदलला. मुलगा असो वा मुलगी, थोरलं मूल आधी.

फक्त स्वतःपुरती वेगळी अट लिहिता आली असती. तिने ती लिहिली आणि पुसली. एकटीचे लाड करून भागणार नाही असं तिला वाटलं. लहान पोरांना लाड आणि हक्क यांतला फरक चांगला कळतो. हा विचार आपण करतो आहोत, आणि तो एका पानाच्या साच्याबद्दल करतो आहोत, हेही तिच्या लक्षात होतं. ती स्वतःकडे जराशी लांबूनच पाहत होती. तरी बोटं थांबली नाहीत.

‘अहलन, उम्म लुजैन.’

मुलीचा रकाना अजूनही रिकामाच होता. आणि फासळीखाली, डावीकडे, सणसणीत लाथ बसली. मग दुसरी. विजदान दोन्ही हातांनी पोट धरून रडली, आणि रडताना तिला आनंद होत होता.

सकाळी निम्म्या अम्मानने आकांडतांडव केलं. जन्मभर अबू फहद असलेल्या माणसांना पान अबू रीमा म्हणत होतं. अबू गालिबचा फोन आला तो ओरडतच.

“अबू नवाल! माझंच पान मला अबू नवाल म्हणतं! मशिदीत माझी थट्टा झाली, पोरी! एकाने विचारलं, गालिबला घरातून काढलंत का म्हणून!”

“नवाल थोरली आहे, अबू गालिब.”

“मग? मला ठाऊक नाही? मी काय तिला टाकून दिलंय? पण माणसाचं नाव म्हणजे काय टँकरची पाटी आहे, आज एक उद्या दुसरी?” मग त्यांना तिची अवस्था आठवली असावी, आवाज खाली आला. “हे बघ. तू आराम कर. पूर्वीचं होतं तसं करून टाक, नाहीतर माझा पुतण्या करेल. त्याला येतं थोडंफार.”

“बाळ होईपर्यंत राहू द्या. फक्त तोवर. हात जोडते.”

“त्याचा आणि बाळाचा काय संबंध?”

विजदानने पुन्हा एकदा “हात जोडते” म्हटलं आणि फोन ठेवला.

इसाम शाळेतून आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं, रिकामा रकाना, फव्वाज, खजूर, लाथ. तो ऐकताना बुटांच्या नाड्या सोडत होता, आणि त्या सुटल्यावरही खालीच पाहत राहिला. त्याने तिला वेडं म्हटलं नाही. याचीच तिला भीती वाटली.

“त्या दिवशी दफनभूमीत एक म्हातारा होता, खड्डा खणणारा,” तो शेवटी म्हणाला. “चांगला माणूस होता. माझ्या हातातून तिला घेताना म्हणाला, सबुरी धरा. आणि मग विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?”

“मग?”

“सवयीने बोलून गेलो.” इसामने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “अबू दाऊद म्हणालो, विजदान. ती त्याच्या हातात होती, आणि मी अबू दाऊद म्हणालो.”

वर गच्चीत काहीतरी हललं. वारा असेल.

“आता म्हण,” विजदान म्हणाली. “एकदाच. इथे दुसरं कोण ऐकतंय? म्हण, मी अबू लुजैन.”

इसामने तोंड उघडलं. ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. मग तो उठला, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. आठवड्यातून एकदा येणारं पाणी त्या घरात असं कुणी कधी वाहू दिलं नव्हतं.

६

शुक्रवार. इसाम दुपारच्या नमाजाला गेला होता. घर शांत होतं, उन्हाचा चौकोन सतरंजीवरून सरकत होता. विजदानला उशिरा जाग आली. फोनवर अबू गालिबचा निरोप होता: ‘पुतण्याने काल रात्री दुरुस्त केलं. रागावू नकोस. अल्लाह तुला सुखरूप सोडवो, उम्म दाऊद.’

ती उशीला टेकून बसली आणि संगणक मांडीजवळ ओढला.

साचा उघडला. पुतण्याने खरंच नीट केलं होतं. मुलगा असेल तर थोरल्या मुलाचं नाव. नाहीतर, मुलगी असेल तर थोरल्या मुलीचं. तेही नाही तर स्वतःचं. तिने लिहिलं होतं तसंच, स्वल्पविरामासकट.

मग तिने नोंद उघडली. मुलाचा रकाना: दाऊद. कुणी हात लावला नव्हता. मुलीचा रकाना रिकामा. म्हणजे त्या दिवसाप्रमाणेच आता पान ‘उम्म दाऊद’ म्हणणार. आणि ते तसं म्हणालं की बाळ पुन्हा गप्प होणार. तिने मनाची तयारी केली. आधीही ते झोपलं होतं आणि ठोके सापडले होते. पुतण्याने कितीही वेळा क्रम फिरवला तरी ती परत फिरवणार होती. साचा तिच्या हातात होता. त्या दुपारी तिला एवढाच आधार होता, आणि तो तिला पुरेसा वाटत होता.

तिने पान उघडलं.

‘अहलन, उम्म लुजैन.’

तिला आधी हायसंच वाटलं. लुजैनला तिची जागा मिळाली आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, गेल्या वेळेसारखं. तिने बशीतला खजूर उचलला, तोंडात टाकला, आणि चावता चावता तिची नजर पुन्हा साच्याकडे गेली. सवय. वरून खाली, एकेक अट.

मुलगा असेल तर.

तिने चावणं थांबवलं. सर्व्हर दुसऱ्या ओळीवर कधी येतो ते तिला ठाऊक होतं. तिनेच ते तसं लिहिलं होतं. पहिली अट खोटी ठरल्याशिवाय तो दुसरीकडे पाहतच नाही.

रकान्यात दाऊद होता. तिने पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं. ते दर वेळी तेच म्हणालं, प्रेमाने आणि न चुकता.

डोक्यावर टाकीचं झाकण वाजलं. कुणीतरी ते हळूच, जपून बंद केलं होतं.

सकाळपासून लाथ बसली होती का? ती आठवू लागली. पहाटे बसली होती. नाही, ती कालची. रात्री तिला चांगली गाढ झोप लागली होती, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, कशानेही मोड न होता. तिने खजुराची बी तळहातावर काढली, बशीत ठेवली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

खाली गल्लीत नमाजाहून लोक परतत होते. कुणीतरी मोठ्याने हाक मारली, “ओ अबू दाऊद!” आणि इसामने नेहमीसारखी ओ दिली.

विजदान लाथेची वाट पाहत राहिली.